मोकळा केलेला फोन

गॅसची टाकी घरात आली की अप्पा आधी तिचं वजन करत. त्यासाठी त्यांनी एक लोखंडी काटा मुद्दाम आणून ठेवला होता. टाकी आणणारा पोऱ्या घाम पुसत उभा राही आणि अप्पा काट्याकडे बघत शांतपणे म्हणत, "थांब रे, तुझ्यावर संशय नाही. पण बघितलेलं बरं." अप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. खोट्या सह्या आणि खाडाखोड बघण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती, आणि ती नजर ते संध्याकाळी घरी घेऊन येत. दुधात बोट बुडवून बघत. मीटर वाचायला आलेल्या माणसाला ओळखपत्र मागत. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत बाकीचे लोक दाराला कुलूप लावून सरळ निघून जात. अप्पा कुलूप लावत, ओढून बघत, फाटकापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. आम्ही सगळे रिक्षात बसलेले. आई पदरानं वारा घेत म्हणे, "चला की आता. कुलूप कुटं पळून जातंय व्हय?"

माझा भाऊ महेश, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, अप्पांच्या या सवयींना हसायचा. पण संशय त्याच्याही रक्तात होता, फक्त त्यानं दुसरं गिऱ्हाईक शोधलं होतं. अप्पांचा संशय माणसांवर आणि अण्णाचा कंपन्यांवर. तो इंजिनिअरिंगला होता. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. त्या सकाळी कॉलनीत घरोघर मोटारी सुरू होत, बायका बादल्या घेऊन धावत, आई टाकी, पिंप, हंडे, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवी. त्या सगळ्या गोंगाटात अण्णा व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असे, त्याला वायरीनं फोन जोडलेला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळत असत. आई म्हणे, "अरे एक हंडा तरी उचल." तो म्हणे, "आई, आत्ता हात लावला तर फोन मरेल." आईला ते खरंच वाटायचं. ती पाय न वाजवता त्याच्या बाजूनं जायची.

त्या काळात त्याला एकच वेड होतं, फोन रूट करायचं. रात्री जेवताना तो आम्हाला ते समजावून सांगे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर दही, आणि आईच्या अक्कलकोटकडच्या पद्धतीची तेलातली वांगी, ज्याला ती येण्णेगाई म्हणायची. अण्णा भाकरीचा तुकडा कडकन मोडून म्हणे, "अप्पा, तुम्ही हे घर विकत घेतलं. पण समजा बिल्डरनं एका खोलीला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि म्हणाला, ही खोली तुमचीच, पण आत जायचं नाही. चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार."

"मग फोनचं तसंच आहे. पैसे आपण दिले. पण आतली मुख्य किल्ली कंपनीकडे. त्यांनी घातलेली ॲप काढता येत नाहीत, ती आत बसून काय करतात ते कळत नाही. रूट करायचं म्हणजे ती किल्ली आपण घ्यायची. बस्स."

अप्पा बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "आणि ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात पडली तर?"

"कुणाच्या पडेल? आपल्याच फोनमध्ये असणार ना."

"चोर काय घर बघून येतो का? बिल्डरचं कुलूप होतं तेव्हा चोरालाही ती खोली उघडत नव्हती. तू उघडलीस ती त्याच्यासाठी पण उघडलीस."

"अप्पा, तुम्ही कंपनीवर विश्वास ठेवता?"

"मी कुणावरच ठेवत नाही," अप्पा म्हणाले, "तुझ्यावर पण नाही."

आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा तव्याजवळून हसली आणि म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं," आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. फोनचं काहीही निघालं की तिचं हे वाक्य ठरलेलं होतं. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. हिरवं बटण दाबलं की उचलायचा, लाल दाबलं की ठेवायचा, एवढंच आपल्याला येतं असं ती सांगे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला अप्पांनी मला स्मार्टफोन घेऊन दिला. नवी पेठेतल्या तीन दुकानांत भाव विचारून, चौथ्या दुकानात डबा स्वतः फोडायला लावून. घरी आल्याबरोबर अण्णानं हात पुढं केला, "आण इकडं, मोकळा करून देतो." मला काही अडचण वाटली नाही. उलट अभिमान वाटला. माझ्या वर्गात कुणाचाच फोन रूट केलेला नव्हता. त्यानं कंपनीची नको असलेली ॲप काढून टाकली, फोन हलका झाला, चार्जिंग जास्त टिकायला लागलं. "आता हा खरा तुझा फोन," तो म्हणाला. मी त्या फोनवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची, तेव्हा आम्ही सगळेच तसं लिहायचो, आणि दिवसभर लिहायची. बहुतेक सगळं तबस्सुमला.

तबस्सुम माझी मैत्रीण. विजापूर वेशीजवळ राहायची, माझ्याच वर्गात. तिच्याशी बोलताना निम्मं मराठी, निम्मं तिच्या घरातलं दखनी असं काहीतरी व्हायचं. घरात मी तशी गप्प मुलगी होते. जे काही मनात येई ते रात्री अंथरुणावर पडून तिला लिही. मास्तरांची नक्कल, केसांचं गळणं, घरातली धुसफूस, पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं माझं स्वप्न. अक्कलकोटच्या आत्यानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं, मुलाचं धान्याचं दुकान होतं, आणि घरात त्यावर बोलणं चालू होतं. त्याबद्दल मी घरात एक शब्द काढला नव्हता. तबस्सुमला मात्र पानंच्या पानं लिहिली होती.

मग काही गोष्टी व्हायला लागल्या. पहिल्यांदा त्या इतक्या गोड होत्या की संशय यायचं कारणच नव्हतं. मी तबस्सुमला लिहिलं, आज दह्यातले धपाटे खायला जीव चाललाय. दुसऱ्या दिवशी डब्यात धपाटे. मला गंमत वाटली. मग एकदा कॉलेजच्या जिन्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मी पाय घासत दिवस काढला आणि घरी येताना कोपऱ्यावरच्या चांभाराकडून शिवून घेतला. घरी कुणाला काही बोलले नाही, रात्री तबस्सुमला तेवढं लिहिलं. दुसऱ्या सकाळी आई म्हणाली, "ती चप्पल टाक आता, नवी घे. किती दिवस शिवून घालणार हाईस?" मी म्हटलं, तिनं टाका बघितला असेल. मग पोट दुखायच्या दिवसांत, मी सांगायच्या आधीच, ओव्याचं गरम पाणी टेबलावर. आईच ती, तिला कळत असेल, असं मी मनाला सांगत राहिले. पण पेला उचलताना मी तिच्या पाठीकडे बघायला लागले होते.

एके दिवशी आत्या आल्या होत्या. त्यांचं स्थळाचं बोलणं चालू होतं, मुलगा कसा निर्व्यसनी आहे वगैरे. आई शेंगा सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "पर तिचं ते पुण्याचं परीक्षेचं हाय की अजून. ते आधी होऊ दे."

आत्या म्हणाल्या, "पुण्याचं? कसलं पुण्याचं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुण्याच्या प्रवेश परीक्षेबद्दल मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. अप्पांना नाही, अण्णाला नाही. आत्या गेल्यावर मी आईला गाठलं. "तुला कुणी सांगितलं परीक्षेचं?"

"तूच म्हणालीस की."

"कधी?"

"म्हणाली असशील कवातरी. मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली आणि शेंगांची टरफलं सुपात गोळा करून उठली.

त्या दिवसापासून घर मला वेगळं दिसायला लागलं. कोण कुठं बघतंय, कोण कुणाशी बोलता बोलता थांबतंय, याची मी नोंद घ्यायला लागले. अप्पांची मुलगी होते शेवटी. आणि पहिला संशय मी घेतला तो तबस्सुमवर. ती आमच्या घरी यायची, ओट्याला टेकून आईशी तासन् तास बोलायची, आईकडून चटणीची बाटली घेऊन जायची. दुसरं कोण सांगणार? मी तिला लिहिणं कमी केलं. तिनं विचारलं तर "अभ्यास आहे" म्हटलं. शेवटी कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिनं माझ्या गाडीची किल्लीच काढून घेतली.

"काय झालंय ते सांग आधी."

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग ती भडकली. "मैं तेरी अम्मी की जासूस हूँ क्या? मेरेकू क्या मिलता उसमें? तुझे धपाटे खाने का मन हुआ, तो मैं फोन करके बताऊँ, अम्मी बनाओ जी?"

ते ऐकताना मला एकदम हसू आलं आणि रडूही. खरंच, धपाट्यांचं कोण कुणाला सांगेल? ती जरा शांत झाली आणि म्हणाली, "मी सांगितलं नाही. तू सांगितलं नाहीस. मग राहिलं काय? तेरा फोनीच चुगली करता होंगा."

मी फोन खिशातून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी तो मला हातात धरवेना. आम्ही लायब्ररीतल्या संगणकावर जाऊन बसलो, कारण फोनवर काही शोधायचीही मला भीती वाटत होती. रूट करावं की करू नये यावर लोक पानंच्या पानं भांडत होते. अण्णा बोलायचा ते सगळं तिथं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि करू नका म्हणणारेही होते. वॉरंटी जाते, बँकेची ॲप चालत नाहीत, कंपनीकडून दुरुस्त्या येणं बंद होतं. ही कारणं मी भराभर वाचत गेले. मग एका माणसानं लिहिलेलं दिसलं. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की, स्वतः करणार असाल तर तुमचं तुम्ही बघा, पण दुसऱ्याकडून करून घेत असाल तर मुख्य किल्ली आधी त्याच्या हातात जाते, आणि तो आत काय ठेवून गेला हे तुम्हाला कधी दिसणार नाही. तबस्सुमनं माझ्याकडे बघितलं. दोघींच्याही मनात एकच नाव होतं, पण ते उच्चारायचं धाडस तिनं केलं नाही. माझा भाऊ होता तो.

आज फोन रूट करणारी मुलं फारशी दिसत नाहीत. कुणी विचारलंच, ताई करू का, तर मी फायदे-तोटे सांगत बसत नाही. एवढंच विचारते, कोण करून देणार आहे? आणि अजूनही फोन दुरुस्तीला दिला तर मी दुकानात स्टूल ओढून समोर बसते. दुकानदार म्हणतात, मॅडम, जाऊन या, तासाभरात देतो. मी जात नाही. त्यांना ते अपमानाचं वाटतं हे मला कळतं.

आम्ही दोघींनी मिळून सापळा लावला. कल्पना तबस्सुमची. मी घरून, माझ्या खोलीतून, तिला लिहिलं: शनिवारी सकाळी अकराला नवी पेठेत, त्या मोठ्या ओढण्यांच्या दुकानासमोर तो येणार आहे, घरी लायब्ररी म्हणून सांगते, तू सोबत ये. "तो" कुणीच नव्हता. तिनं उलट लिहिलं, ठीक आहे, पण जपून. एवढं लिहून मी फोन उशीखाली ठेवला आणि बाहेरच्या आवाजांकडे कान देऊन पडून राहिले. काहीच झालं नाही. शुक्रवारी काही नाही. जेवताना अण्णा नेहमीसारखा बडबडत होता. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते आणि मनात म्हणत होते, काय अभिनय करतोस रे.

शनिवारी आम्ही दोघी साडेदहालाच समोरच्या रसाच्या दुकानाच्या माडीवर जाऊन बसलो. तिथून खालचा रस्ता सगळा दिसायचा. उन्हाळा सुरू झाला होता. रिक्षा, हातगाड्या, कापडाची गाठोडी डोक्यावर घेतलेले हमाल, लग्नाच्या खरेदीला आलेली अख्खीच्या अख्खी कुटुंबं. मी अण्णाची काळी मोटारसायकल शोधत होते. त्याला खाली बघितल्यावर काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. तबस्सुम स्ट्रॉ चावत होती. एक रिक्षा ओढण्यांच्या दुकानासमोर थांबली आणि तिच्यातून आई उतरली.

मला आधी वाटलं, दुसरी कुणी बाई आहे. आई नवी पेठेत एकटी कधी येत नसे. गर्दीत तिला घाबरायला व्हायचं, यायची तेव्हा अप्पांच्या शर्टाची बाही धरून चालायची. पण तीच होती. चांगलं इरकल नेसलेली, हातात छत्री, खांद्याला पिशवी. तिनं रिक्षावाल्याला पैसे दिले आणि दुकानाच्या पायरीशी, लोंबणाऱ्या ओढण्यांच्या सावलीत उभी राहिली. कुणी तरुण मुलगा जवळून गेला की ती त्याच्याकडे निरखून बघायची, पार वळून, तो नाहीसा होईपर्यंत. एका हमालाचा धक्का लागून ती बाजूच्या खांबावर आपटली, पिशवी सावरली आणि पुन्हा तिथंच येऊन उभी राहिली. दुकानातला नोकर तिला काहीतरी म्हणाला, बहुतेक आत या म्हणाला असेल. तिनं मान हलवली. तोंड उन्हानं लाल झालं होतं.

"या अल्ला," तबस्सुम हळूच म्हणाली, "अम्मी."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. तबस्सुम म्हणाली, "जा ना तू. मैं नै आती." मी जिना उतरले आणि रस्ता ओलांडून आईसमोर जाऊन उभी राहिले.

तिनं मला बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. "कुटं हाय तो?"

"कुणी नाही."

"न्हाय म्हंजे? आला न्हाय अजून?"

"आई, असा कुणी नाहीच. मी खोटं लिहिलं होतं. बघायला, की कोण वाचतंय."

तिला ते समजायला वेळ लागला. मग तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरझर बदलत गेलं, आणि शेवटी जे राहिलं ते मला अपेक्षित नव्हतं. ती वैतागली. "मग एवढ्या उन्हात मला कशाला आणलीस गं हितं!"

"मी आणली? तू माझे मेसेज वाचतेस आई! चोरून!"

आजूबाजूचे दोन-चार लोक बघायला लागले. आईनं माझा दंड धरला, "सुम्निरु," म्हणाली. गप्प बस म्हणायचं असलं, आणि खरंच म्हणायचं असलं, की तिच्या तोंडून कन्नडच यायचं. तिनं मला त्याच दुकानाच्या बोळात ओढलं. आणि मग, तिथं रिकाम्या खोक्यांच्या शेजारी उभं राहून, तिनं सगळं सांगितलं. आत्यांनी तिच्या कानात घातलं होतं की पोरगी कुणाबरोबर तरी दिसली. अप्पांच्या कानावर गेलं तर शिक्षण बंद होईल म्हणून तिनं ते स्वतःजवळ ठेवलं. अण्णाला म्हणाली, तुला येतंय न्हवं सगळं, मग मला बघून दे. तो नाही म्हणाला. ती जेवली नाही. तो पुन्हा नाही म्हणाला. मग ती रडली, आणि त्यानं केलं. माझ्या फोनवर जे जे लिहिलं जाई, त्याची नक्कल त्याच्या जुन्या, काच फुटलेल्या फोनवर जाई. तो फोन स्वयंपाकघरात ज्वारीच्या डब्यामागं असे. दुपारी आम्ही कुणी नसताना ती तो घेऊन बसायची.

"तुला तर वाचता येत नाही त्यातलं. मला काय कळतंय म्हणतेस सारखी."

"सुरवातीला येत नव्हतं. एकेक अक्षर लावायची. आता येतंय."

"सगळं वाचलंस?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. छत्रीच्या मुठीवर अंगठा फिरवत होती. "तू लिवली होतीस की, आईसारखं जगायचं म्हंजे शिक्षा हाय. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्री भाकरी. मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, इंग्रजी अक्षरं हायत, आपलंच वाचायला चुकत असंल."

 मी ते लिहिलं होतं तो दिवस मला आठवत होता. आणि ते तिला उद्देशून लिहिलेलं नव्हतं, कुणी वाचावं म्हणून लिहिलेलं नव्हतं. माझा राग तसाच होता, कणभर कमी झाला नव्हता, आणि तरीही ती तिथं उन्हात उभी होती.

"तो आला असता तर काय केलं असतंस?" मी विचारलं.

"बघितला असता." तिनं पिशवी खांद्यावर वर सरकवली. "नुसता बघायचा होता. कसा हाय ते."

आम्ही एकाच रिक्षातून घरी गेलो, दोन टोकांना बसून. घरी अण्णा होता, अप्पाही होते. मी व्हरांड्यातच सुरुवात केली. अण्णानं आधी आईकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, आणि तो खाली बसला. मी त्याला विचारलं, "किल्ली मालकाकडे पाहिजे म्हणायचास ना? माझ्या फोनचा मालक कोण?" तो म्हणाला, "आई जेवत नव्हती गं." मी म्हटलं, "मला सांगायचंस." तो म्हणाला, "सांगितलं असतं तर मग उपयोग काय राहिला असता?" आणि आपणच काय बोललो हे ऐकून त्यानं तोंड फिरवलं.

अप्पांना सगळं कळायला बराच वेळ लागला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते उठून उभे राहिले आणि अण्णाला म्हणाले, "तिच्यासमोर बसून जसा होता तसा करून दे." अण्णानं लॅपटॉप आणला. मी त्याच्या खांद्याशी बसून प्रत्येक पायरीला विचारत होते, हे काय, हे कशाला, आता काय होणार. त्यानं उत्तरं दिली. शेवटचं बटण मी त्याला दाबू दिलं नाही, स्वतः दाबलं. फोन बराच वेळ काळा राहिला, मग दुकानातून आणला तेव्हासारखा कोरा होऊन उघडला. माझं सगळं लिखाण गेलं. नक्कल असलेला तो फुटका फोन आईनं स्वतः डब्यामागून आणून माझ्यापुढं ठेवला. मी तो उघडला नाही. तोही अण्णाकडून माझ्यासमोर पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पेपर वाचत होते. मी चहा ठेवायला गेले तर त्यांनी पेपर खाली घेतला. "सुमे, खरं सांगू का," ते म्हणाले, "मी कुणाला बोलू शकलो नाही काल. कारण असं करता येतं हे मला आधी माहीत असतं, तर मीच करून घेतलं असतं." ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. मी कप ठेवला आणि आत आले. घरात ज्याच्यावर संशय घ्यायचा राहिला होता असा एकच माणूस उरला होता, आणि त्यानं स्वतःच येऊन नाव दिलं होतं.

त्यानंतर कित्येक महिने मी त्या घरात पाहुण्यासारखी राहिले. अण्णाशी कामापुरतं बोले. आईनं डब्यात काही आवडीचं दिलं की हिला कसं कळलं, असा विचार आधी येई आणि मग घास. तिनंही ते ओळखलं असावं, कारण ती मला विचारायला लागली. रोज सकाळी, तव्यासमोरून, मान वळवून, "आज काय देऊ?" पूर्वी तिनं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणे, "काहीही." ती म्हणे, "काहीही म्हंजे काय? नाव सांग की."

पुण्याची परीक्षा मी दिली आणि निवड झाली. अप्पा नाही म्हणणार हे धरूनच मी चालले होते. पण अप्पांशी बोलली ती आई. दार ओढून घेऊन बोलली, त्यामुळं काय बोलली ते मला माहीत नाही, फक्त तिचा आवाज आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये चढत गेलेला ऐकू आला. आत्यांच्या स्थळाला नकारही तिनंच कळवला. मी तिला कारण विचारलं नाही. ते मी लिहिलेलं वाचल्यामुळं झालं असलं, तर चोरून वाचलेल्या ओळींचा मला फायदा झाला होता, आणि त्याबद्दल आभार मानायची माझी तयारी नव्हती. आजही मला नक्की सांगता येत नाही की तिनं वाचलं नसतं तर मी अक्कलकोटात धान्याच्या दुकानामागच्या घरात असते की नाही. वाचायला नको होतं, एवढं मात्र मला तेव्हाही पक्कं होतं आणि आजही आहे.

एस.टी. स्टँडवर सोडायला तिघंही आले. अण्णानं बॅग वर चढवून दिली, अप्पांनी तिची कडी तपासली. आईनं खिडकीखाली उभं राहून शेंगाच्या चटणीची पुडी वर दिली. तिच्या हातात नवा फोन होता, अप्पांनी महिन्याभरापूर्वीच घेऊन दिलेला. गाडी सुरू झाली तेव्हा ती खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालत आली आणि म्हणाली, "त्या तबस्सुमला लिवतीस तसं मला पण लिव की."

संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत सामान लावून झाल्यावर मी फोन घेतला. तिला काय लिहायचं हे मला सुचेना. वीस वर्षं एका घरात राहून मी तिला कधी काही लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, "पोचले. जेवले. खोली बरी आहे."

उत्तर लगेच आलं. ती फोन हातात धरूनच बसली असणार. एकच शब्द होता: "आणि?"

 मी पाय वर घेऊन, भिंतीला टेकून लिहायला बसले. इथल्या वरणात साखर असते हे लिहिलं. शेजारच्या खाटेवरची मुलगी झोपेत दात खाते हे लिहिलं. आणि वाटेत टेंभुर्णी येईपर्यंत मी रडत होते, तेही लिहिलं.